३०,००० वर्षांचं पाणी : वयाला घाबरू नका, आकडा विचारा

आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत सकाळी उठल्यावर कालचं पाणी ओतून टाकतात. ते ‘शिळं’ झालं म्हणून झाडांना घालायचं, हंडा घासायचा आणि ताजं पाणी भरायचं. एका रात्रीत पाणी शिळं होतं, अशी आपली समजूत. आता कल्पना करा, एका देशाची राजधानी रोज जे पाणी पिते ते सुमारे ३०,००० वर्षांपूर्वी पावसाच्या रूपाने पडलेलं आहे. त्या काळी शेती नव्हती, गावं नव्हती, मडकंही नव्हतं.

ही राजधानी म्हणजे जॉर्डन देशातलं अम्मान शहर. हे पाणी येतं दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या डिसी नावाच्या जलधरातून. जलधर म्हणजे जमिनीखालचा पाणी साठवणारा खडक. तो सौदी अरेबियातही पसरलेला आहे, तिथे त्याला साक म्हणतात. आखातात नोकरीला गेलेली मराठी माणसं आता घरोघरी आहेत. त्यामुळे ‘तिकडचं पाणी रेडिओॲक्टिव्ह आहे म्हणे, प्यायचं का?’ हा प्रश्न दवाखान्यात आणि व्हॉट्सॲपवर येत राहतो. त्याच्या उलट टोकाचे मेसेजही येतात: हजारो वर्षं जमिनीच्या पोटात राहिलेलं पाणी म्हणजे अमृत, त्यात प्रदूषणाचा लवलेश नाही.

माझं मत आधीच सांगतो. हे दोन्ही मेसेज चुकीचे आहेत, आणि दोघांची चूक एकच आहे. दोघंही पाण्याचं वय विचारतात. विचारायला हवा तो पाण्यातला आकडा.

पाण्याला वय असतं म्हणजे काय?

पाणी काही जन्मत नाही. भूजलाचं ‘वय’ म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरून हवेशी त्याचा संबंध तुटला, त्याला किती वर्षं झाली तो आकडा. हे वय मोजायला निसर्गातले किरणोत्सारी अणूच घड्याळासारखे वापरतात. प्रत्येक किरणोत्सारी अणूचं एक अर्धायुष्य असतं, म्हणजे त्यातले निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ.

ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२ वर्षं. १९५०-६०च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, तेव्हा ट्रिटियम हवेत भरपूर मिसळलं. म्हणून पाण्यात ट्रिटियम सापडलं तर ते पाणी अलीकडचं. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. त्याने साधारण ४०,००० वर्षांपर्यंत मागे जाता येतं. त्याहून जुनं असेल तर क्रिप्टॉन-८१ लागतं. त्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त. इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटातलं काही भूजल याच पद्धतीने मोजलं गेलं, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे त्याचं वय २ लाख ते १० लाख वर्षं निघालं.

म्हणजे आज जिथे वाळू उडते तिथे एकेकाळी चांगला पाऊस पडत होता. ते पाणी खाली मुरलं, मग हवामान बदललं, पाऊस थांबला. खालची टाकी भरलेली राहिली आणि वरचा नळ बंद झाला. अशा पाण्याला ‘जीवाश्म पाणी’ म्हणतात. 

मग रेडियम आलं कुठून?

‘रेडियम’ म्हटलं की आपल्याला गाड्यांच्या नंबरप्लेटवर चमकणारे स्टिकर आठवतात. गावोगावी ‘रेडियम आर्ट’ची दुकानं असतात. त्या स्टिकरमध्ये रेडियम अजिबात नसतं, ते नुसतं प्रकाश परावर्तित करणारं प्लॅस्टिक आहे. खरं रेडियम हा एक धातू आहे. खडकात अत्यल्प प्रमाणात असलेलं युरेनियम आणि थोरियम कोट्यवधी वर्षं हळूहळू विघटित होत असतात. त्या साखळीतली एक पायरी म्हणजे रेडियम. युरेनियमपासून रेडियम-२२६ तयार होतं, त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षं. थोरियमपासून रेडियम-२२८ तयार होतं, त्याचं अर्धायुष्य पावणेसहा वर्षं.

अणू फुटताना बंदुकीसारखा मागे धक्का बसतो. त्या धक्क्याने वाळूच्या कणाच्या पृष्ठभागाजवळचे अणू शेजारच्या पाण्यात फेकले जातात. बहुतेक ठिकाणी पाण्यात आलेलं रेडियम लगेच मातीला किंवा लोह-मँगनीजच्या थरांना चिकटून बसतं आणि आपल्या पेल्यापर्यंत पोचत नाही. डिसीचा खडक मात्र जवळजवळ निव्वळ वालुकाश्म आहे. त्यात चिकणमाती कमी. चिकटायला जागाच नाही म्हटल्यावर रेडियम पाण्यातच राहतं.

२००९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे ॲव्हनर वेंगोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसीतल्या ३७ विहिरींच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. काही विहिरींत रेडियमचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या वीस पटींपर्यंत होतं. विशेष म्हणजे हे पाणी गोडं होतं. चवीला, दिसायला, वासाला उत्तम. तोवरचा अनुभव असा होता की रेडियम जास्त असतं ते खारट पाण्यात.

वय दोषी नाही

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बातम्यांमध्ये हाच घोळ होतो. ‘पाणी जुनं म्हणून त्यात किरणोत्सार साठत गेला’ असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही.

बुडाला भोक असलेली बादली नळाखाली ठेवा. सुरुवातीला पाणी चढेल. थोड्या वेळाने जितकं येतं तितकंच गळायला लागेल आणि पातळी एका जागी थांबेल. मग बादली तासभर ठेवा की वर्षभर, पातळी तीच. रेडियमचं असंच आहे. खडकातून ते येत राहतं आणि विघटित होऊन नाहीसंही होत राहतं. रेडियम-२२८ ची पातळी तीस-चाळीस वर्षांत स्थिर होते, रेडियम-२२६ ची काही हजार वर्षांत. म्हणून १०,००० वर्षांचं पाणी आणि ३०,००० वर्षांचं पाणी यांत रेडियमच्या दृष्टीने वयामुळे फरक पडत नाही. फरक पडतो तो खडकामुळे.

पुरावा हवा असेल तर वाळवंट सोडून अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात या. तिथे पाऊस भरपूर, शेजारी समुद्रासारखं मिशिगन सरोवर. तरीही वॉकेशा नावाच्या शहराच्या खोल विहिरींत रेडियम मर्यादेपेक्षा जास्त होतं, कारण खाली तसाच जुना वालुकाश्म. अनेक वर्षांच्या कोर्टकचेऱ्यांनंतर २०२३ साली त्या शहराने विहिरी सोडून मिशिगन सरोवराचं पाणी घेतलं.

तेव्हा जुनं पाणी आणि रेडियम एकत्र सापडतात, पण एकामुळे दुसरं होत नाही. खोल, जाड वालुकाश्म भरपूर जुनं पाणीही साठवतो आणि रेडियमही मोकळं सोडतो. डोक्यावरचे पांढरे केस आणि डोळ्यांतला मोतीबिंदू बहुधा बरोबर येतात. म्हणून केस काळे केल्याने मोतीबिंदू जात नाही!

शरीरात गेल्यावर काय होतं?

रसायनशास्त्राच्या दृष्टीने रेडियम हा कॅल्शियमचा चुलतभाऊ. शरीराला दोघांतला फरक नीट कळत नाही. प्यायलेलं बरंचसं रेडियम शौचावाटे निघून जातं. जे रक्तात शिरतं त्यातलं काही हाडांत जाऊन बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं अल्फा कण सोडत राहतं. अल्फा कण कागदाचा कपटाही ओलांडू शकत नाहीत, म्हणून रेडियम बाहेर असेपर्यंत त्यांची फारशी भीती नाही. हाडाच्या आत मात्र शेजारची पेशीच त्यांच्या तडाख्यात सापडते.

रेडियममुळे हाडांचा कॅन्सर होऊ शकतो हे आपल्याला फार मोठी किंमत देऊन कळलं. १९२०च्या सुमारास अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या तरुण मुली ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत. अनेकींचे जबडे सडले, अनेकींना हाडांचे कॅन्सर झाले. पण त्यांच्या पोटात गेलेलं रेडियम कोणत्याही नळाच्या पाण्यातल्या रेडियमपेक्षा प्रचंड जास्त होतं. म्हणून त्यांचे फोटो लावून ‘हेच तुमच्या नळात आहे’ असं सांगणारा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका.

थोडा हिशेब करू

पाण्यातला किरणोत्सार बेक्वेरेलमध्ये मोजतात आणि शरीरावर होणारा परिणाम मिलिसिव्हर्टमध्ये. समजा एका पाण्यात दर लिटरला १ बेक्वेरेल रेडियम-२२६ आणि १ बेक्वेरेल रेडियम-२२८ आहे. प्रौढ माणूस रोज २ लिटर प्यायला तर वर्षाला त्याला सुमारे ०.७ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो.

हा आकडा मोठा की लहान? जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली पातळी वर्षाला ०.१ मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे हा सातपट झाला. दुसरीकडे, जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला निसर्गतःच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे हा त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. आणि पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये ८ ते १० मिलिसिव्हर्ट मिळू शकतात. म्हणजे हे पाणी दहा-बारा वर्षं प्यायल्यावर एका सीटी स्कॅनइतका डोस होतो.

तिन्ही वाक्यं खरी आहेत. घाबरवायचं असेल तर पहिलं सांगा, झोपवायचं असेल तर दुसरं आणि तिसरं. प्रामाणिक राहायचं असेल तर तिन्ही सांगा.

आता धोका. असं पाणी सत्तर वर्षं प्यायलं तर सुमारे ५० मिलिसिव्हर्ट होतात. किरणोत्सारापासून संरक्षणाच्या क्षेत्रात जे गणित सर्वसाधारणपणे वापरतात, त्यानुसार १,००० माणसांमागे आयुष्यभरात अंदाजे ३ जास्तीचे कॅन्सर. हे गणित मोठ्या डोसच्या अनुभवावरून लहान डोसचा अंदाज बांधतं, हे लक्षात ठेवा. भारतात नऊपैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होण्याची शक्यता सांगितली जाते, म्हणजे हजारात सुमारे ११०. त्यात ही तीनची भर. एका माणसासाठी धोका लहान आहे. चाळीस लाखांच्या शहरासाठी ‘हजारात तीन’ हा आकडा लहान नाही.

शिवाय हे गणित प्रौढांचं. मुलांची हाडं वाढत असतात, कॅल्शियम ओढून घेत असतात, त्याबरोबर रेडियमही. रेडियम-२२८ च्या बाबतीत पंधरा वर्षांच्या मुलाला तितक्याच बेक्वेरेलमागे प्रौढाच्या सात-आठ पट डोस मिळतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला चाळीस पटींहून जास्त. बाळ पाणी कमी पितं खरं, पण पावडरचं दूध ज्या पाण्यात कालवता ते पाणी मोजलंच पाहिजे. ‘सरासरी नागरिकाला धोका नाही’ या वाक्यात हे बाळ बसत नाही.

मग ते पाणी प्यायचंच नाही का?

जॉर्डनमध्ये माणशी वर्षाला १०० घनमीटरसुद्धा नैसर्गिक पाणी उपलब्ध नाही. ५०० घनमीटरच्या खाली तीव्र टंचाई मानतात. अम्मानमध्ये घराघरांवर टाक्या आहेत, कारण नळ रोज येत नाही. २०१३ साली ३२५ किलोमीटर लांबीच्या नळातून डिसीचं पाणी शहरात आलं, वर्षाला सुमारे १० कोटी घनमीटर. टँकरची वाट पाहिलेल्या कोणालाही या पाण्याची किंमत सांगावी लागणार नाही.

पाणीच नसेल तर लहान मुलं जुलाबाने आजारी पडतात, हात धुतले जात नाहीत, मूतखडे होतात, बायकांची पाठ भरलेल्या भांड्यांखाली मोडते. हे धोके पन्नास वर्षांनी येणारे नाहीत, या आठवड्यातले आहेत. म्हणून डिसीचं पाणी बंद करा असं म्हणणारा माणूस मला शहाणा वाटत नाही. आरोग्य संघटनासुद्धा असं म्हणत नाही. तिची पातळी ओलांडली म्हणजे पाणी विषारी झालं असा अर्थ नाही. नीट तपासा आणि कमी करण्याचे उपाय शोधा, असा त्याचा अर्थ आहे.

उपाय आहेत. दुसरं, कमी रेडियमचं पाणी मिसळून प्रमाण खाली आणता येतं, जॉर्डनने हाच मार्ग निवडला. पाणी मृदू करणारी आयन-विनिमयाची यंत्रणा रेडियम पकडते. आरओ बहुतांश रेडियम काढतं. मात्र काढलेलं रेडियम गाळात किंवा टाकाऊ पाण्यात गोळा होतं, त्याची विल्हेवाट नीट लावावी लागते.

माझा आक्षेप कशाला आहे?

‘पाणी मर्यादेच्या आत आहे, काळजी नसावी’ या वाक्याला. जगभरातल्या पाणीपुरवठा खात्यांचं हे लाडकं वाक्य. कोणती मर्यादा, कोणत्या विहिरीचं पाणी, मिसळण्याआधीचं की नंतरचं, कोणत्या महिन्यातलं, मुलांसाठी काय, यातलं काहीच त्यात नसतं. विचारलं तर उत्तर मिळतं, आकडे दिले तर लोक घाबरतील.

आम्हा डॉक्टरांनीही अनेक वर्षं हेच केलं. कॅन्सर झालेल्या माणसाला सांगायचं नाही, नातेवाइकांना बाजूला घेऊन कुजबुजायचं. हेतू चांगला असायचा. पण पेशंटला कळायचंच, अर्धवट कळायचं, आणि मग तो कोणावरच विश्वास ठेवायचा नाही. आता आम्ही रिपोर्ट पेशंटच्या हातात देतो आणि समजावून सांगतो. लोक आकड्याने घाबरत नाहीत, लपवाछपवीने घाबरतात. जिथे आकडा मिळत नाही तिथे अफवा तयार असते, आणि अफवेपाठोपाठ ‘रेडिएशन काढून टाकणारा’ फिल्टर विकणारा दारात उभा असतो.

म्हणून रेडियमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक शहराने विहिरीनिहाय आणि नळाच्या टोकाचे आकडे, रेडियम-२२६ आणि रेडियम-२२८ वेगवेगळे, लोकांच्या भाषेत जाहीर करावेत असं माझं ठाम मत आहे. दोन्ही वेगवेगळे अशासाठी की २२८ जास्त घातक असतं, आणि स्वस्तातल्या एकूण अल्फा तपासणीत ते सापडत नाही, कारण ते स्वतः अल्फा नव्हे, बीटा कण सोडतं.

दुसरा आक्षेप उधळपट्टीला. सौदी अरेबियाने १९८०च्या दशकापासून असंच पुन्हा न भरणारं पाणी उपसून वाळवंटात गहू पिकवला. इतका, की काही काळ तो निर्यातही केला. शेवटी २००८ साली गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं. घरातली ठेव मोडून रोजचा भाजीपाला आणण्यासारखं हे झालं. या पाण्याचं वय आपल्याला खरंच काही सांगत असेल तर ते हे, की ही टाकी आपल्या हयातीत पुन्हा भरणार नाही.

तुम्ही काय करायचं?

आखातात राहत असाल तर आधी चौकशी करा, नळाला येणारं पाणी कुठलं आहे. समुद्राचं पाणी गोडं करून आलेलं असेल तर रेडियमचा प्रश्न उरत नाही. विहिरीचं असेल तर रिपोर्ट मागा. रिपोर्ट मिळत नसेल आणि घरात बाळ किंवा वाढतं मूल असेल, तर पिण्यापुरतं आणि दूध कालवण्यापुरतं चांगल्या आरओचं पाणी वापरा. अंघोळीला, भांड्यांना नळाचं चालेल. रेडियम त्वचेतून शिरत नाही.

उकळून रेडियम जात नाही. उलट पाणी आटल्याने प्रमाण किंचित वाढतं. तांब्याचं भांडं, तुरटी, कँडल फिल्टर, यूव्ही दिवा यांचाही उपयोग नाही. ते जंतूंचे उपाय आहेत, त्यांच्या कामासाठी जरूर वापरा. आयोडीनच्या गोळ्या थायरॉइडसाठी असतात, रेडियमवर त्या चालत नाहीत. केस गळणं, थकवा, ॲसिडिटी यांचा या पाण्याशी संबंध लावू नका, आणि ‘बॉडी डिटॉक्स’वर पैसे घालवू नका.

इथे महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी रेडियमची काळजी सोडून द्यायला हरकत नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम आणि थोरियम कमी असतं. आपल्या बोअरवेलला आधी नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू तपासा. राजस्थानात मात्र प्रश्न वेगळा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या तपासलेल्या विहिरींपैकी जवळजवळ एक तृतीयांश विहिरींत युरेनियम लिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. तिथे भीती किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडावर होणाऱ्या रासायनिक परिणामाची आहे.

पाणी किती जुनं आहे हे ऐकून आश्चर्य वाटू द्या. त्यात काय आहे हे मात्र कागदावर लिहून मागा. ज्याच्या घरात ते पाणी बाळाच्या बाटलीत जातं, त्याचा तो हक्क आहे.